साठ सेकंदांचं टिंब

घाई असेल तर हे नंतर वाचा. इथे ज्या संदेशाशेजारी बसायचं आहे त्याची चालच अशी आहे, की लेख वाचून संपेपर्यंत त्यातलं जेमतेम एक अक्षर पुरं होऊन दुसरं सुरू झालेलं असेल.

जागा मनाने ठरवू. इंग्लंडचं नैर्ऋत्य टोक, कॉर्नवॉल. जानेवारीची रात्र, बारा वाजून गेलेले. परसातली एक लाकडी खोली, तिथे रेडिओ रिसीव्हर आणि त्याला जोडलेला साधा संगणक. बाहेर, घरापासून जमेल तितक्या दूर, लाकडी चौकटीवर तारेचे वेढे घेतलेला माणसाच्या उंचीचा लूप उभा आहे. दूर अशासाठी, की घरातले एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, सौरपट्ट्यांचे इन्व्हर्टर इथे ऐकायच्या कंप्रतेवर अखंड कुरकुरत असतात. पश्चिमेला अटलांटिक. त्याच्या पलीकडे, सुमारे 3,400 किलोमीटरवर, कॅनडाचं न्यूफाउंडलंड बेट. तिथला कुणी हौशी रेडिओवाला, त्यांच्या बोलीत हॅम, आत्ता आपल्या अंगणातून काहीतरी पाठवतो आहे. निदान पाठवत असावा.

बसा. पाठ टेकू द्या.

रिसीव्हर 137 किलोहर्ट्झवर लावलेला आहे. आकाशवाणीच्या मुंबई 'ब' केंद्राची 558 किलोहर्ट्झची लहर आठवत असेल, तिची लांबी साधारण 537 मीटर. 137 किलोहर्ट्झची एक लहर जवळपास 2,200 मीटर भरते. रमतगमत चालणाऱ्याला एका लहरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायला अर्धा तास लागेल. ते चालणं क्षणभर मनात चालून पाहा. एवढ्या लांबीच्या गोष्टीला परसातल्या तारेने पकडायचं आहे.

आधी काहीच शोधू नका. हेडफोन लावा आणि नुसती खरखर ऐका. तिच्यात एक सपाट सूं आहे आणि त्यावर तडतडणारे, लहानमोठे, कसलाही ताल नसलेले आवाज आहेत. या विजा आहेत. पृथ्वीवर दर सेकंदाला कुठे ना कुठे चाळीस-पन्नास विजा चमकतात आणि त्यांचा आवाज या दीर्घ लहरींवर हजारो किलोमीटर जातो. वैशाखात मध्यम लहरींवर रेडिओ ऐकलेल्यांना हे माहीत आहे: आकाश निरभ्र, पण रेडिओ कडकडतो आहे, आणि कुठे तरी वळवाचा पाऊस पडतो आहे. कॉर्नवॉलच्या जानेवारीत जवळपास वादळं नाहीत. ही तडतड बरीचशी आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेच्या उष्ण पट्ट्यातून आलेली, थकलेली आहे. म्हणूनच उत्तरेकडचे हॅम या कामासाठी हिवाळ्याची वाट पाहतात. रात्र मोठी आणि विजा दूर.

एक एक तड ऐकू या. ही काँगोच्या खोऱ्यातली असेल. ही ब्राझीलमधली. कळणार नाही, कळायची गरजही नाही. आपल्याला हवा असलेला संदेश या सगळ्याच्या खाली आहे. इतका खाली, की कान कितीही टवकारले तरी तो कधीच ऐकू येणार नाही.

तो इतका क्षीण का, हे समजून घ्यायला पलीकडच्या अंगणात जावं लागेल. कुठल्याही लहरीला नीट सोडायचं तर उभी तार तिच्या चतुर्थांश लांबीची हवी, म्हणजे इथे जवळपास साडेपाचशे मीटर. मुंबईतली एकही इमारत तेवढी उंच नाही. हॅमकडे असते दहाबारा मीटर उंचीची तार, वर आडव्या तारांची छत्री, आणि कमतरता भरून काढायला खाली तांब्याच्या तारेचं मोठं वेटोळं. हे वेटोळं बहुधा प्लास्टिकच्या पिंपावर किंवा सांडपाण्याच्या जाड नळावर गुंडाळलेलं. त्याच्या टोकाशी 10,000 व्होल्टच्या वर दाब चढतो. पावसात भिजलं तर ठिणग्या उडतात, कधी ते जळतंही. आणि एवढं करून, हजार वॅट आत घातले तर त्यातला जेमतेम एक वॅट आकाशात जातो. बाकीचे अंगणाची माती तापवतात. कायदाही त्याहून जास्त मागू देत नाही: 2007 साली जिनिव्हात भरलेल्या जागतिक रेडिओ परिषदेने 135.7 ते 137.8 किलोहर्ट्झ हा चिंचोळा पट्टा हौशी लोकांना दिला तो 1 वॅट प्रसारणशक्तीच्या अटीवर, तोही दुय्यम हक्काने.

तर तिकडे एक वॅट. मधे एक महासागर. इकडे अर्ध्या जगाच्या विजा.

आता कान उतरवा. इथून पुढे ऐकायचं ते डोळ्यांनी.

पडद्याकडे पाहा. काळ्या पार्श्वभूमीवर निळसर करडे ठिपके. डावीकडून उजवीकडे वेळ सरकते आणि खालून वर कंप्रता चढते. वेळ फार हळू सरकते, एका मिनिटाला बोटाच्या पेराएवढीही जागा मिळत नाही. आणि कंप्रतेचा पट्टा फार अरुंद आहे, सबंध पडद्यावर मिळून काही मोजके हर्ट्झ.

इथेच या सगळ्या खटाटोपाचं मर्म आहे, तेव्हा थोडं थांबू. दूरचं ऐकायचं म्हणजे कान मोठे करायचे, अशी आपली समजूत असते. मोठी अँटेना, मोठा अँप्लिफायर. पण त्याने संदेश वाढतो तशी खरखरही वाढते. खरखर सगळ्या कंप्रतांवर पसरलेली आहे. पावसात खिडकी जितकी उघडी, तितकं पाणी आत येतं. पण समोरच्या दिव्याचा एक किरण पाहायला फटसुद्धा पुरते. माणसाचं बोलणं कळायला रेडिओला 2,500 हर्ट्झची खिडकी लागते. खिडकी लहान करत न्या: शंभर हर्ट्झ, दहा, एक. आणखी लहान करा. एका हर्ट्झच्या साठाव्या भागापर्यंत. आता खरखर दीड लाख पटीने कमी झाली आहे आणि तो एक वॅट तिच्या वर डोकं काढतो आहे.

याची किंमत वेळेत मोजावी लागते, आणि निसर्ग त्यात एक पैची सूट देत नाही. खिडकी हर्ट्झच्या साठाव्या भागाएवढी केली, तर काही आलं की नाही हे सांगायला साठ सेकंद लागणारच. म्हणून हे लोक मोर्सच पाठवतात, पण विलक्षण संथ. तारघरातल्या माणसाचं टिंब सेकंदाच्या दहाव्या भागात उडून जायचं. इथे टिंब साठ सेकंदांचं, रेघ तीन मिनिटांची, टिंबामधली मोकळी जागा एक मिनिट आणि अक्षरामधली तीन मिनिटं. हॅमच्या सांकेतिक भाषेत क्यूआरएस म्हणजे सावकाश पाठवा. या अतिसंथ मोर्सला त्यांनी आणखी एक एस जोडून क्यूआरएसएस म्हटलं. कमी धीराच्या लोकांसाठी तीन किंवा दहा सेकंदांची टिंबंही आहेत. पण आपण साठवालं घेऊ.

आता पडद्यावर नजर ठेवा आणि श्वास मोजा. शांत बसलेल्या माणसाचे मिनिटाला पंधराएक श्वास होतात.

पहिलं मिनिट. ठिपक्यांच्या गर्दीत एका उंचीवर काही ठिपके जरा दाट वाटतात. पंधरा श्वास. बारीकशी आडवी काडी दिसते, नक्की नाही.

दुसरं मिनिट. काही नाही. हे काही नसणंही पाठवलेलं आहे, त्यालाही पंधरा श्वास द्या.

तिसरं मिनिट. त्याच उंचीवर पुन्हा काडी. आता पहिली काडी अधिक खरी वाटू लागते. हे लक्षात घ्या: पहिल्या काडीत काहीच बदललेलं नाही. दुसरी आल्यामुळे पहिलीवरचा आपला विश्वास वाढला.

चौथं मिनिट रिकामं. पाचव्यात तिसरी काडी.

तीन टिंबं. मोर्समध्ये तीन टिंबं म्हणजे एस. पण अक्षर संपलं आहे का? संपलं असेल तर आता तीन मिनिटं शांतता येईल. चालू असेल तर एकच. सहावं मिनिट दोन्हींत सारखंच असणार, त्यामुळे त्या मिनिटात काहीही कळू शकत नाही. नजर काढू नका, पण अंदाजही बांधू नका. हे जमलं तर फार जमलं. मला वाटतं, या सबंध छंदातली सगळ्यात अवघड साधना ही एका मिनिटाची आहे.

सातवं मिनिट. त्याच उंचीवर रेषा उगवते. म्हणजे एस नाही. चौथं टिंब असेल तर एच. मिनिट संपतं, आणि रेषा थांबत नाही. आठवं. नववं. पाच कमी पन्नास श्वासांची एक सलग रेघ. तीन टिंबं आणि एक रेघ: इंग्रजी व्ही. न्यूफाउंडलंडच्या हॅमची सांकेतिक नावं व्ही, ओ आणि 1 ने सुरू होतात. एवढाच उपसर्ग पाठवायला 43 मिनिटं लागतात, एकटा 1 चा आकडाच 17 मिनिटं खातो. पूर्ण नावाला तासाहून अधिक.

पण त्या तिसऱ्या टिंबापाशी परत जाऊ, कारण तिथे एक मोठा माणूस बसलेला आहे.

12 डिसेंबर 1901. न्यूफाउंडलंडमधल्या सेंट जॉन्स गावाजवळची सिग्नल हिल ही टेकडी. गुग्लिएल्मो मार्कोनी आणि त्याचा सहायक जॉर्ज केम्प. जोरदार वारा, पतंगाला बांधून दीडशे मीटर वर चढवलेली तार. कॉर्नवॉलमधल्या पोल्डू इथल्या केंद्राला त्याने सांगून ठेवलं होतं, ठरलेल्या वेळी एकच अक्षर पाठवत राहा: एस. तीन टिंबं. टेकडीवर भर दुपारी त्याने टेलिफोनचा कर्णा कानाला लावला आणि त्याला ती तीन टिंबं ऐकू आली. केम्पलाही आली. कागदावर नोंदणारं यंत्र चालवण्याइतका संदेश प्रबळ नव्हता, त्यामुळे साक्ष दोन माणसांच्या कानांचीच.

जग आनंदलं. शंका तेव्हाही घेतली गेली, आणि सव्वाशे वर्षांत ती मिटलेली नाही. सबंध मार्ग उन्हात होता. सूर्य असताना वातावरणात 60 ते 90 किलोमीटर उंचीवर आयनांबराचा जो खालचा थर तयार होतो, तो मार्कोनीच्या त्या मध्यम लहरींना गिळून टाकतो. आणि खरखरीतल्या तडतडीतून तीन टिंबं निवडणं, तेही नेमकी तीनच ऐकायची आहेत हे माहीत असताना, कुठल्याही उत्सुक कानाला सोपं असतं. दोन महिन्यांनी, फेब्रुवारी 1902 मध्ये, 'फिलाडेल्फिया' या जहाजावर मार्कोनीने तोच प्रयोग कागदी पट्टीवर नोंद घेत केला. दिवसा संदेश 1,100 किलोमीटरच्या आसपास विरला, रात्री तेच अक्षर 3,300 किलोमीटरच्या पलीकडे पोहोचलं. या नोंदीने त्याचं नाव राखलं, पण टेकडीवरच्या त्या दुपारविषयीचा संशयही त्याच नोंदीने वाढवला.

मार्कोनी खोटं बोलत होता असं मला वाटत नाही. त्याला ऐकू आलं. प्रश्न एवढाच, की जे ऐकू आलं ते समुद्र ओलांडून आलं होतं की त्याच्या वाट पाहण्यातून. मघाशी पाचव्या मिनिटाला तुम्हीही तिथेच होतात. अपेक्षा ठेवल्याशिवाय एवढं क्षीण काही सापडत नाही. कुठल्या कंप्रतेवर, किती वाजता, किती संथ, हे ठाऊक असलं तरच खिडकी तेवढी अरुंद करता येते. आणि अपेक्षा ठेवली की नसलेलंही दिसतं. यातून सुटका नाही. हॅमनी फक्त एक शहाणपणा केला: जे आधी माहीत नाही असं काहीतरी संदेशात असलंच पाहिजे, आणि ते मिळाल्याची पोच उलट गेली पाहिजे, तरच संपर्क झाला म्हणायचं. मार्कोनीने पोल्डूला दुसरंच कुठलं तरी, स्वतःला न सांगता निवडलेलं अक्षर पाठवायला लावलं असतं तर!

पडद्यावर अक्षरामधली तीन मिनिटं चालू आहेत. तेवढ्यात एक गंमत. दीर्घ लहरी एकेकाळी बड्यांच्या होत्या. समुद्रापार संदेश फक्त त्यांच्यावरच जातो अशी समजूत होती. अमेरिकेने 1912 च्या कायद्याने हौशी लोकांना 200 मीटरपेक्षा आखूड, निरुपयोगी समजल्या जाणाऱ्या लहरींवर हाकलून दिलं. डिसेंबर 1921 मध्ये स्कॉटलंडच्या आर्ड्रोसन किनाऱ्यावर, तंबूत थंडीने काकडत, पॉल गॉडली या अमेरिकी हॅमने आपल्या देशबांधवांचे तेच 'निरुपयोगी' संदेश टिपले. मग बड्यांचेही डोळे उघडले. ब्रिटिश साम्राज्याला जोडणारी दीर्घ लहरींची अवाढव्य केंद्रं बांधायची योजना बाजूला पडली आणि मार्कोनीच्या कंपनीने लघुलहरींचे झोत उभारले. आपल्याकडचा झोत 1927 साली सुरू झाला: पाठवणारं केंद्र पुण्याजवळ खडकीला, घेणारं दौंडला. पुढे बडे दीर्घ लहरींवरून उठत गेले, आणि 1990 च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटन व युरोपातल्या काही देशांत हौशी माणसं त्यांच्या रिकाम्या अंगणात शिरली. 2001 मध्ये 136 किलोहर्ट्झवर इंग्लंड आणि कॅनडा यांच्यात दुतर्फा संपर्क झाला. नंतर न्यूझीलंड आणि रशियाचा अतिपूर्व किनारा यांच्यातही, 10,000 किलोमीटरहून लांब.

पुन्हा पडद्याकडे या. व्हीनंतर दुसरं अक्षर उमटू लागलं आहे, पहिली रेघ. तिची उंची पाहा. मघाच्या व्हीच्याच उंचीवर, केसभरही वर-खाली नाही. इतका वेळ तिने आपली जागा सोडलेली नाही. हे आपोआप होत नाही. पाठवणाऱ्याची आणि घेणाऱ्याची, दोघांची घड्याळं 82 लाखांत एका भागाच्या आत स्थिर लागतात. म्हणून स्फटिक उबदार पेटीत ठेवतात, किंवा जीपीएसच्या उपग्रहांवरून येणाऱ्या वेळेला बांधून घेतात. अरुंद खिडकीत हललेली वस्तू दिसत नाही.

आणि माणसं स्थिर राहून भागत नाही. मधलं आकाशही स्थिर हवं. लघुलहरी आयनांबरात शे-दोनशे, तीनशे किलोमीटर चढून परततात, तिथले थर सतत हेलकावतात आणि रेषेला फासून टाकतात. तिकडे साठ सेकंदांचं टिंब पाठवलं तर पसरट धूर दिसेल. दीर्घ लहर खालच्या थराशी, रात्री नव्वदेक किलोमीटरवरच, वळते आणि त्या थराची चाल संथ आहे. संथपणा प्रत्येक ठिकाणी उपयोगी पडतो असं नाही, हे मला या प्रकरणात विशेष आवडतं. तो मार्गाला मानवला पाहिजे. इथेही सूर्यावर वादळ झालं आणि त्याचा धक्का पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राला बसला, की कित्येक रात्री पडदा काळाच राहतो.

आता कुणी म्हणेल, हे सगळं यंत्र करून देत असताना डोळे का शिणवायचे? बरोबर आहे. 2008 साली जो टेलर यांनी व्हिस्पर नावाची पद्धत आणली. सम मिनिट सुरू होताच प्रसारण, जवळपास 111 सेकंद, त्यात नाव, ठिकाण आणि शक्ती एवढंच, 50 बिटांत बसवलेलं. खरखर सहाशे पट असली तरी संगणक ते वाचून दाखवतो आणि चूक क्वचितच करतो. हे टेलर म्हणजे रसेल हल्स यांच्यासह 1974 मध्ये जोडीने फिरणारा पल्सार शोधणारे, 1993 चे नोबेल मानकरी. अवकाशातली क्षीण, नियमित टिकटिक खरखरीतून उपसायची विद्या त्यांनी अंगणातल्या एक वॅटसाठी वापरली. तीच विद्या आपल्याकडे नारायणगावजवळच्या खोडदला, जीएमआरटीच्या 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्यांखाली रोज चालते: ठोके एकावर एक रचत जायचे, खरखर आपसात विरते, ठोका साचत जातो.

व्हिस्पर उत्तमच आहे. तरीही संगणकाने वाचून हातात दिलेली ओळ मला थोडी फुकट मिळाल्यासारखी वाटते. तिच्यात सहावं मिनिट नाही.

दरम्यान तिकडचं नाव पूर्ण झालं आहे. मधे एक अक्षर पंधरावीस मिनिटं अंधूक झालं, मग परत उजळलं. उत्तर द्यायचं आहे. त्यासाठी चंद्रावर आदळवून संदेश पाठवणाऱ्या हॅमकडून एक अक्षरी शेरे उसने घेतले आहेत: नुसतं काहीतरी आहे एवढं कळलं तर टी, नावाचे तुकडे वाचता आले तर एम, दोन्ही नावं पूर्ण वाचली तर ओ. ओ म्हणजे तीन रेघा, अकरा मिनिटं. त्याआधी त्याचं नाव, आपलं नाव. मग त्याची पोच येईपर्यंत वाट पाहणं. कॉर्नवॉलचा सूर्य सव्वाआठच्या सुमारास उगवेल, त्यांच्याकडे अजून तीन तास जास्त रात्र आहे पण तिचा उपयोग नाही, मार्ग दोन्ही टोकांना अंधारातच हवा. घड्याळात साडेतीन झाले आहेत. ते अंधूक अक्षर खरंच वाचलं की नाव कसं असावं या अंदाजाने भरलं, हे प्रामाणिकपणे ठरवून आता ओ पाठवायचा की एम.